मधल्या मापाची सायकल

४ फेब्रुवारी

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद. रीत म्हणून लिहिले आहेत. आज मनापासून द्यायला एकही शिल्लक नाही.

सायकल पोचली. खोका कुठे चेपला नव्हता, रंगाला ओरखडा नव्हता. चांगलं तेवढं लिहून झालं. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुला चार शब्द सुनवायला लागलं, की तुझ्या कारखान्यात नेमकं मशीन सुरू होतं. पत्र निदान मशीनच्या आवाजात बुडत नाही.

सायकल बसत नाही. तू आयुष्यभर लोकांच्या हातापायांची मापं घेऊन फ्रेमी जोडतो आहेस. शर्यतीतली मुलं लांबून तुझं नाव विचारत येतात, हे तुझ्याच तोंडून मला कितीदा ऐकावं लागलं आहे. आणि सख्ख्या भाच्यांसाठी एक सायकल केलीस, ती दोघींपैकी एकीलाही बसू नये?

बाहेरच्या खोलीत टेबल भिंतीला सरकवून आम्ही ती उभी केली. आधी थोरली बसली. तिचे गुडघे कोपरांना लागायला आले. एवढी उंच मुलगी, पण लहान मुलाच्या तिचाकीवर बसवल्यासारखी दिसायला लागली. मग मी सीट खाली घेतली आणि धाकटीला बसवलं. तिला हँडल धरायला हात काठीसारखे ताठ करावे लागले, खांदे कानांपर्यंत चढले. मी सीट पुढे ढकलली, मागे ढकलली, जितकी सरकते तितकी सरकवली. ह्यांनी वर्तमानपत्रावरून डोकं वर काढून सांगितलं, की दोघींना थोडी थोडी बसते आहे की. मी खोलीतून निघून गेले.

तरी आठवडाभर दोघींनी आळीपाळीने ती ट्रॅकवर नेली. तुला सांगायला नको, ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, आणि चाक फिरतं आहे तोवर पाय फिरवावेच लागतात. अवघडलेल्या मुलीने थांबून नीट बसावं म्हटलं तरी सोय नाही. आता थोरलीचे गुडघे शेकते आहे आणि धाकटीची मान. क्लबच्या प्रशिक्षक बाईंनी सायकलभोवती एक फेरी मारली आणि ही कुणी बनवली, असं विचारलं. माझ्या भावाने, हे मी फार हळू आवाजात सांगितलं.

एप्रिलअखेर निवडचाचणी आहे. क्लबातून एकीलाच संघात घेणार आहेत आणि आमच्या दोघीही रांगेत आहेत. काय चुकलं ते शोध आणि लगेच कळव.

माया आहेच, पण सध्या ती रागाच्या मागे उभी आहे.

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. मशीन बंद करून वाचलं, हेही नमूद करतो.

तुझ्या कागदावर जी मापं होती, तीच फ्रेमची आहेत. खोक्यात भरण्याआधी मी कागद समोर ठेवून प्रत्येक नळी पुन्हा मोजली होती. तू लिहिलंस त्यापेक्षा केसाचाही फरक निघाला, तर मी उद्यापासून पंक्चर काढायला बसेन.

पण मला आधी हे सांग, की ही सायकल "दोघींची" कधीपासून झाली? कागदावर तू "मुलीचं माप" एवढंच लिहिलं होतंस. नाव नव्हतं. मी धरून चाललो, की थोरलीचं असणार. मोठी तीच, क्लबात पुढे नाव तिचंच. तिच्यासाठी केलेली सायकल धाकटीला बसत नाही, म्हणून माझ्या नावाने खडे फोडण्यात काय अर्थ आहे? आणि थोरलीलाही बसत नसेल, तर माप घेताना चूक झाली आहे.

माप कसं घ्यायचं ते तुला मी लिहून पाठवलं होतं. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन मांड्यांमध्ये सायकलच्या सीटसारखं घट्ट वर धरायचं आणि पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. मग धड, मग खांद्यापासून मुठीपर्यंत हात. चपला घालून मोजलंस का? टेप सैल सोडलास का?

एक चूक माझीही झाली, ती कबूल करतो. कागद पाहताना मला वाटलं होतं, की ही एवढ्या उंचीची मुलगी नव्हे. थोरली मला खांद्याला लागते, मी विसरलो नाही. विचारावं असं मनात आलं. मग म्हटलं, ताईने मोजलं आहे. ताईला एकवेळ राग आवरता येणार नाही, पण मोजण्यात ती चुकायची नाही.

पुन्हा मोज आणि कुणाचं ते वर लिही. लहान भावावर लोभ ठेवावा. अगदीच जमत नसेल तर संशय तरी ठेवू नये.

तुझा,
खटपट्या


२१ फेब्रुवारी

चि. खटपट्यास अ. आ.

मी चपला घालून मोजलं नाही. टेप सैल सोडला नाही. दोघींना वेगवेगळं भिंतीशी उभं केलं, तू सांगितलंस तसंच सगळं मोजलं, शंका आली तिथे पुन्हा मोजलं. मग प्रत्येक मापाचा मध्य काढला आणि तुला पाठवला.

हो, मध्य. आता ओरडून घे. ओरडून झालं की पुढे वाच.

दोन सायकली करणं आपल्याला झेपणारं नाही, हे तूही जाणतोस. एकच करायची होती. मग ती कुणाच्या मापाची? या घरात लाडू अर्धा होतो, खिडकीजवळची खाट महिन्याने बदलते, आजारी पडल्या तरी मी दोघींच्या उशाशी सारखीच बसते. तू पहिली, तू दुसरी, हे वाक्य माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. एकीचं माप तुला पाठवायचं म्हणजे दुसरीला सांगायचं, की बाई, तू आता घरी बस. हे बोलायला आई लागते, आणि ती आई मी व्हायला तयार नाही. तुला मुलं नाहीत. तुझ्या फ्रेमी एकमेकींकडे बघून रडत नाहीत.

मी विचार न करता हे केलं, असंही समजू नकोस. सीट वरखाली होते, म्हणजे पायांचा प्रश्न सुटला. हँडल मागेपुढे करण्याचा तुकडा बदलता येतो, म्हणजे हातांचा सुटला. उरला थोडासा फरक, तो दोघींनी निम्मा निम्मा सोसायचा. चाचणी घड्याळावर असते, एकीची झाली की सीट बदलून दुसरीने बसायचं. मला यात आजही चूक दिसत नाही.

रोजनिशीत मात्र मी त्या रात्री एक प्रश्न लिहिला होता: हा न्याय आहे, की भीती? मग वाटलं, आपण उगाच स्वतःला फार खोल समजतो, आणि खोडून टाकला. खोडलेलं नीट वाचता येतं, ही पेनची अडचण.

तुला आधी का सांगितलं नाही? कारण तू म्हणाला असतास, की एकीची निवड कर. तेच मला करायचं नव्हतं. तुला मधलं माप साधता आलं नाही, म्हणून माझ्या समान वाटणीला नावं ठेवू नकोस.

काळजी घे. रागातही घ्यायला सांगते, यावरून ओळख.

ताई


२८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतेस. सरासरीच्या बाबतीत पोरांना कसं सावध करतेस, ते दरवर्षी दिवाणखान्यात बसून आम्हालाच ऐकवतेस. मला आता त्या पोरांची दया येते.

एकीचा पाय चार नंबरचा, दुसरीचा आठ. म्हणून सहा नंबरचा एक जोड आणून दोघींना दिवसाआड घालायला देशील का? तू नेमकं तेच केलं आहेस. सीट सरकते, मान्य. पण सीटपासून हँडलपर्यंतची नळी रबराची नसते. हँडलचा तुकडा बदलून बोटभर इकडेतिकडे होतं, वीतभर नाही. शरीर अवघडलं, की माणूस ताकद सायकलला देत नाही, स्वतःला सावरायला वापरतो.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? मी त्या फ्रेमवर जीव ओतला. माझी भाची यावर वाकून वळण घेईल, असं मनात चित्र काढत एकेक सांधा घासला. आणि ती भाची जन्मालाच आलेली नाही! तुझ्या दोन्ही मुलींमधून तू तिसरी तयार केलीस आणि मला तिचा मामा केलंस.

आता काम असं आहे. फ्रेम परत पाठव. एप्रिलआधी हातातली कामं बाजूला सारून मला एकच नवी जोडता येईल. थोरलीची जोडतो. मोठी आहे, उंच आहे, तिचा मान आहे. धाकटीची पाळी पुढच्या खेपेला. तिचं माप पाठव, आणि वर ठळक नाव घाल. मधलं काही आलं, तर मी कागद तसाच चुलीत टाकीन.

लोभ राहू द्यावा. हा लोभ दोन ठिकाणी वाटलेला चालणार नाही.

खटपट्या


६ मार्च

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

आईने तुझं पत्र जेवणाच्या टेबलावर उघडंच टाकलं होतं. इतकं जोरात आपटून टाकलेलं पत्र वाचलं, तर ती चोरी होत नाही, असं मी धरते.

तू आणि आई, दोघांवर मी चिडले आहे. आईवर जास्त, पण तूही सुटणार नाहीस. माझा मान आहे म्हणून मला सायकल? मामा, मी एकोणीस वर्षांची आहे, मान घेऊन काय करू? मला क्लबची सायकल बसते, हे कुणी विचारलं का? क्लबच्या सगळ्या सायकली उंच मुलांच्या मापाच्या आहेत. त्यांच्यावर मी आरामात मावते. धाकटी पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर टांगल्यासारखी चालवते आहे. म्हणून क्लबात माझं नाव पुढे. आई लाडू मोजून अर्धा करते, पण एकीच्या ताटात आधीच जेवण होतं हे ती बघत नाही.

आणखी एक आहे, ते घरात कुणाला माहीत नाही. सरावाला मी पुढे असते, ती माझ्या मागे. शेवटच्या फेरीत शेवटच्या वळणावर तिने बाहेरून निघून जायचं असतं. ती निघते. तिचं पुढचं चाक माझ्या पायाशी येतं. आणि मग ती पाय रोखते. या सायकलवर पाय थांबवता येत नाहीत, उलटा जोर द्यावा लागतो, आणि तसा दिला की साखळी करकरते. मला तो आवाज ऐकू येतो. दर वेळी. एवढ्या मोठ्या सायकलवर लोंबकळत ती माझ्याशी बरोबरी करते आणि मग मला जिंकू देते.

मी तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, दम संपतो. खोटं. दम संपलेल्या मुलीची साखळी करकरत नाही. तिला वाटतं, मी मोठी, मी हरले तर घरात काहीतरी मोडेल. हे ती कुठून शिकली असेल? आपल्या घरात कुणी कुणाच्या पुढे जायचंच नाही, असा अलिखित नियम आहे. मी गेले वर्षभर दयेवर जिंकते आहे, मामा. कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

आणि आईला हेही ठाऊक नाही, की चाचणीत दोघीदोघींना एकदम सोडतात. ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी, एकीने दुसरीचा पाठलाग करायचा. आमची जोडी लागली असती, तर तिची ती सामाईक सायकल कुणाच्या खाली ठेवली असती?

तू धाकटीची सायकल कर. मला संघात जायचं आहे, फार जायचं आहे, हे खोटं बोलणार नाही. पण तिला नीट बसवून, मग तिला हरवून जायचं आहे. नाही जमलं तर नाही.

आईला मी आज रात्री सगळं सांगणार आहे. माप तिनेच घ्यायला हवं. मी घेतलं, तर ती म्हणेल, मुलींनी ठरवलं, मी नाही.

तुझ्या मायेची आणि धारदार कानशीची गरज असलेली,
तुझी थोरली भाची


११ मार्च

चि. खटपट्यास अ. आ.

सोबत माप आहे. वर धाकटीचं नाव आहे. तुझ्या समाधानासाठी ठळक काढलं आहे.

तू जिंकलास असं समजू नकोस. तुला थोरलीची करायची होती, तुझंही चुकलं. आपल्या दोघांच्या मिळून चार डोळ्यांना जे दिसलं नाही, ते पोरीने एका कानाने ऐकलं.

थोरलीने सगळं सांगितलं, तेव्हा तिने पत्र मामाला का लिहिलं, यावरूनच मी आधी भांडले. खऱ्या गोष्टीवर भांडायला मला नेहमी उशीर होतो. मग धाकटीला बोलावलं. तिने इतक्या रागाने नाही म्हटलं, की आम्हा दोघींनाही उत्तर कळलं. मी पाय रोखत नाही, मला सायकल नको, तिलाच द्या, मला संघात जायचंच नाही, असं ती एका दमात बोलली. आणि शेवटी म्हणाली, की मी पुढे गेले तर तू कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवशील, तेही नीट वाजवता येणार नाहीत तुला.

मी वर्गात शंभर मुलांसमोर उभी राहते, कधी अडखळत नाही. त्या खोलीत मी नुसती टेबलावरची पत्रं सरळ करत राहिले. आजवर मी दोघींना जे दिलं, त्याला मी न्याय म्हणत होते. तिला त्यातून एवढंच मिळालं होतं, की आपल्या वेगाने आईची पंचाईत होते.

शेवटी मी बोलले. सोपंच वाक्य होतं, बोलून झाल्यावर कळलं. मी धाकटीला म्हणाले, "तू तिच्यापेक्षा वेगाने जातेस." थोरली शेजारीच उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, तरी बघितलं. तिला लागलं. तिनेच मागितलेलं होतं, तरीही लागलं.

मग माप घेतलं. धाकटी भिंतीशी दात आवळून उभी राहिली, थोरलीने पुस्तक धरलं, आणि नीट उभी राहा गं, खांदे कशाला पाडतेस, म्हणून तिच्यावर खेकसत होती. मी मोजलं. या मापात दुसऱ्या कुणाचाही वाटा नाही.

जुनी फ्रेम पाठवते आहे. माणसं सगळ्या मापांची असतात, बसेल ती कुणाला तरी. पण तिच्या निमित्ताने मला आणखी टोमणे मारणार असशील तर ठेवून घे आणि गप्प राहा.

मायेत खंड नाही.

ताई


३० एप्रिल

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद. या वेळी खरे.

निकाल आधी लिहिते, नाहीतर तू पत्र सोडून तळाशी उडी मारशील. धाकटीची निवड झाली.

जोड्या काढल्या, तेव्हा सकाळी पहिलीच जोडी आमच्या घरची निघाली. थोरली क्लबच्या सायकलवर, धाकटी तुझ्या. दोघी ट्रॅकच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मी मधल्या पायरीवर बसले होते, तिथून दोघी सारख्याच लांब होत्या. शिट्टी झाली. धाकटीची पाठ इतकी सपाट मी कधी पाहिली नव्हती. खांदे जागेवर, कोपरं आत, सायकल आणि ती वेगळी दिसत नव्हती. हे तुझं काम आहे, आणि ते चांगलं आहे. एवढंच लिहिणार आहे, फुगू नकोस.

अर्ध्यापर्यंत अंतर जसंच्या तसं होतं. मग ते मिटायला लागलं. थोरली जीव तोडून चालवत होती, ते दिसत होतं. तरी मिटत होतं. शेवटच्या फेरीआधी धाकटी तिच्या मागे आली. साखळी करकरते का, म्हणून मी कान लावून बसले होते. काहीही ऐकू आलं नाही. ती बाहेरून गेली, आणि गेलीच.

मी दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन खाली पळाले आणि मध्येच उभी राहिले. आधी कुणाकडे जायचं, हे मला माझ्या सगळ्या हिशोबातून सांगता येईना. तोवर थोरली सायकल टाकून धाकटीकडे गेली होती. मला वाटलं, मिठी मारायला. तिने झाडायला सुरुवात केली. वर्षभर मला फसवलंस, म्हणाली. वर्षभर असं चालवलं असतंस, तर तुझ्या मागे धावून माझाही वेग वाढला असता. तू माझी दया केली नाहीस, माझा सराव बुडवलास. धाकटी एकाच वेळी रडत होती, धापा टाकत होती आणि माझ्या हातातली बाटली ओढत होती. दुपारी दुसऱ्या जोडीतून जिंकलेल्या मुलीशी फेरी होती. धाकटी हुंदक्यांतून म्हणाली, की सीट जरा उंच वाटते. थोरलीने खिशातून पाना काढला, गुडघ्यावर बसली आणि बोलणं न थांबवता सीट खाली घेतली.

घरी आल्यावर ती दार लावून बसली. त्या दिवशी जेवली नाही. तुला वाटेल तसं हे गोड झालेलं नाही. दोन दिवस ती धाकटीशी बोलली नाही, माझ्याशीही नाही. माझे हात शिवशिवत होते. काहीतरी आणून द्यावं, तिचंही काहीतरी कौतुक शोधून काढावं, तराजू समान करावा. ताट घेऊन मी दारापर्यंत गेले. ताट उंबऱ्याशी ठेवलं, बाकी काही बोलले नाही, आणि परत आले. तिला ते जिंकायचं होतं आणि ती हरली होती. या वेळी मी तिला नीट हरू दिलं.

आज सकाळी ती सरावाला गेली. धाकटीच्या आधी उठून गेली.

बाकी क्षेम. राग संपला आहे, भांडण शिल्लक आहे. ते करायला सुट्टीत घरी ये.

तुझी,
ताई